नोंद आहे, पण सापडत नाही : एम्बेडेड डेटाबेस कोसळण्याचा इतिहास

महाराष्ट्रात मलकापूर एक नाही. सातारा जिल्ह्यातले मलकापूर कऱ्हाडला खेटून, पुणे–बेंगळुरू महामार्गावर वसलेले आहे; मीटरने मोजून दिल्या जाणाऱ्या चोवीस तास पाण्यामुळे ते राज्यभर ओळखले गेले. दुसरे कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यात. तिसरे बुलढाणा जिल्ह्यात, भुसावळ–नागपूर लोहमार्गावर. नोंदवहीत नुसते ‘मलकापूर’ लिहिले, तर समोरची नोंद कोणत्या गावाची हे वहीला कळत नाही. म्हणून कारकून ‘मलकापूर, ता. कऱ्हाड’ असे लिहितो. एका नावासमोर एकच नोंद आणि नाव उच्चारताच ती हाती यावी, एवढीच ही व्यवस्था. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालाचा क्रमांक सांगितला की कागदांचा तो गठ्ठा पुढ्यात येतो, तीही याच जातीची. संगणकशास्त्रात नावाला ‘की’ आणि नोंदीला ‘व्हॅल्यू’ म्हणतात.

अशा जोड्या साठवणाऱ्या डेटाबेसचा एक प्रकार स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालत नाही. तो लायब्ररीच्या रूपाने दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात राहतो. त्याला ‘एम्बेडेड’ म्हणतात. क्रोम ब्राउझर संकेतस्थळांची स्थानिक माहिती ज्यात साठवतो ती ‘लेव्हलडीबी’ याच प्रकारातली. सर्व्हर असलेल्या डेटाबेसात दरवाजावर एक पहारेकरी असतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचेच नियम पाळावे लागतात. एम्बेडेड डेटाबेसला पहारेकरी नाही. फाईल उघडणारा प्रत्येक प्रोग्राम आपले नियम, म्हणजेच आपले ‘ऑप्शन’, सोबत घेऊन येतो. लिहिणाऱ्याचे आणि उघडणाऱ्याचे ऑप्शन जुळले नाहीत, तर डिस्क धडधाकट, फाईल शाबूत आणि प्रोग्राम निर्दोष असूनही सारे कोसळते.

या प्रकाराचा आरंभ १९७९ मध्ये झाला. बेल लॅब्जमधील केन थॉम्प्सन यांनी लिहिलेली ‘डीबीएम’ ही छोटी लायब्ररी युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत बाहेर पडली. ती अत्यंत साधी होती. एका वेळी एकच डेटाबेस उघडता येई. हॅश फंक्शन, म्हणजे कीवरून नोंदीचा कप्पा ठरवणारे गणित, लायब्ररीतच पक्के होते. वापरणाऱ्याला निवडायला फारसे काही नसल्यामुळे निवडीचा घोळही नव्हता.

घोळाला जागा मिळाली ती बर्कलीत. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मार्गो सेल्ट्झर यांनी ओझान यिगित यांच्यासह १९९१ मध्ये नवे हॅशिंग पॅकेज मांडले. कीथ बॉस्टिक आणि माइक ओल्सन यांच्या कामासह त्यातूनच ‘बर्कली डीबी’ आकाराला आली. येथे वापरणाऱ्याला कप्प्याचा आकार ठरवता येई, कप्पा किती भरू द्यायचा हे सांगता येई, एवढेच काय, स्वतःचे हॅश फंक्शनही देता येई. सामर्थ्य वाढले आणि त्यासोबत एक प्रश्न आला : आज एका गणिताने भरलेले कप्पे उद्या कोणी दुसऱ्या गणिताने उघडले तर?

कप्प्याच्या आकारासारख्या संख्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवता येतात. बर्कली डीबी तसे करीतही असे. फाईल आधीपासून असेल, तर उघडणाऱ्याने दिलेले आकडे ती दुर्लक्षित करी आणि मूळचेच वापरी. परंतु फंक्शन म्हणजे संख्या नव्हे, तो प्रोग्रामचा तुकडा; तो फाईलमध्ये लिहिणार कसा? येथे कर्त्यांनी जी युक्ती योजली ती गडाच्या दरवाजावर शोभावी अशी आहे. एक ठरावीक निरर्थक शब्द घ्यायचा, फाईल तयार करताना त्याचे हॅश काढायचे आणि उत्तर पहिल्या पानावर नोंदवायचे. पुढे कोणी फाईल उघडली की त्याच्या फंक्शनला तोच शब्द द्यायचा. उत्तर जुळले तर आत प्रवेश, न जुळल्यास फाईल उघडण्यास नकार. परवलीचा शब्द दुसरे काय असतो?

पण ही युक्ती डेटाबेसच्या हॅश प्रकारापुरतीच होती. ज्या प्रकारात नोंदी क्रमाने लावलेल्या असतात, त्या ‘बी-ट्री’ला असा परवलीचा शब्द नव्हता. तेथे दोन कींपैकी आधी कोणती हे ठरवणारे फंक्शन, म्हणजे ‘कम्पॅरेटर’, प्रत्येक वेळी तेच असले पाहिजे, एवढी सूचना दस्तऐवजात होती. सूचना वाचली जाईलच, यावर सारा भरवसा.

इतिहासाच्या वाचकाला हा धोका परका नाही. मोडी कागदावर ‘सन ११००’ एवढेच वाचता आले असे समजू. सुहूर सन धरला तर ते १६९९–१७०० : औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला ते वर्ष. फसली सन धरला तर १६९०–९१ : राजाराम महाराज त्या वेळी दूर जिंजीत होते. नऊ वर्षांचा फरक पडतो आणि राज्याची सारी मांडणीच बदलते, पण कागद ओरडून सांगत नाही की वाचणारा चुकीचा सन लावतो आहे. आकडा बरोबर, वाचनही बरोबर; लिहिताना गृहीत धरलेला करार तेवढा हरवलेला.

क्रमाच्या बाबतीत हा करार मराठीतच मोडून पाहता येतो. वाई, वाठार, वासोटा, वाळवा ही सातारा–सांगलीकडची चार नावे घ्यावीत. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून शाळेत शिकवलेल्या क्रमाने वाळवा सर्वांत शेवटी. युनिकोडने मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी जागा दिली आहे. संगणकाने केवळ अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकांनी तुलना केली, तर क्रम होतो वाई, वाठार, वाळवा, वासोटा. दोन्ही क्रम आपापल्या जागी योग्य आहेत. आता एका प्रोग्रामने युनिकोडच्या क्रमाने ही नावे लिहिली आणि दुसऱ्याने वर्णमालेचा क्रम धरून तीच फाईल उघडली, असे समजू. त्याला वाळवा हवे आहे. शोध घेताना तो वासोट्यापाशी पोहोचतो. त्याच्या हिशेबाने वाळवा त्यानंतर असायला हवे, म्हणून तो पुढे पाहतो. पुढे काहीच नाही. वाळव्याची नोंद एक घर मागे बसलेली असताना उत्तर येते : सापडले नाही.

येथवर नुकसान फक्त शोधाचे. खरा अनर्थ लिहिताना होतो. नोंद नाही असे समजून प्रोग्राम वाळवा नव्याने लिहितो, वासोट्याच्या पुढे. आता फाईलमध्ये वाळवा दोनदा आहे आणि नोंदी ना युनिकोडच्या क्रमाने आहेत, ना वर्णमालेच्या. यानंतर जुना, योग्य कम्पॅरेटर परत आणला तरी फाईल सुधारत नाही.

(‘कऱ्हाड’ या नावाचे दुखणे आणखी वेगळे. त्यातला ‘ऱ्ह’ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ वापरून किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. बाइटनिहाय तुलना करणाऱ्या डेटाबेसला मात्र त्या दोन वेगळ्या की वाटतात. तेथे कम्पॅरेटरचा दोष नसतो.)

क्रम बदलल्याने होणारी हानी काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या ‘ग्लिबसी’ या पायाभूत लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात शब्दांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेस हा काही एम्बेडेड डेटाबेस नव्हे, पण तोही क्रमासाठी या लायब्ररीवर विसंबून होता. लोकांनी ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली, डेटाबेसला हातही लावला नाही, आणि तरी शब्दांवर बांधलेल्या अनुक्रमण्या बिघडल्या. शोध चुकू लागले, एकमेव असाव्यात अशा नोंदी दुहेरी पडू लागल्या. उपाय एकच होता : अनुक्रमण्या नव्याने बांधणे.

२०११ मध्ये गूगलमधील जेफ डीन आणि संजय घेमावत यांची लेव्हलडीबी खुली झाली, तेव्हा कम्पॅरेटरच्या प्रश्नाला अर्धे उत्तर मिळाले. प्रत्येक कम्पॅरेटरला नाव देणे तिने बंधनकारक केले. डेटाबेस तयार होताना ते नाव ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या फाईलमध्ये लिहिले जाते आणि पुढे प्रत्येक वेळी तपासले जाते. क्रोमच्या ‘इंडेक्स्डडीबी’ची फोल्डर नेहमीच्या लेव्हलडीबी साधनाने उघडू पाहणाऱ्यांना याचा अनुभव येतो. क्रोमने तेथे स्वतःचा कम्पॅरेटर वापरलेला असल्यामुळे, नावे जुळत नाहीत असे सांगून साधन थांबते. पुष्कळांना तो दोष वाटतो. प्रत्यक्षात फाईल वाचवणारा पहारेकरी तोच आहे.

उत्तर अर्धे अशासाठी की तपासले जाते ते फक्त नाव. कोणी कम्पॅरेटरच्या आतला कोड बदलला आणि नाव तेच ठेवले, तर पहारेकरी ओळखीचा चेहरा पाहून वाट मोकळी करतो. बर्कलीच्या परवलीच्या शब्दाने निदान फंक्शनचे उत्तर तरी पडताळले जाई. या एका बाबतीत जुनी युक्ती नव्याहून सरस ठरते.

लेव्हलडीबीने बर्कली डीबीची जागा घेतल्याच्या एका घटनेने मात्र पैशाचे एक संपूर्ण जाळे दुभंगले. बिटकॉइनचा ०.८ हा प्रोग्राम १९ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झाला. शिवजयंतीची तारीख, हा केवळ योगायोग. तोपर्यंतच्या आवृत्त्या आपला हिशेब बर्कली डीबीत ठेवीत. ०.८ ने तो लेव्हलडीबीत हलवला. काम वेगाने होऊ लागले आणि नियम तर बदललेलेच नव्हते. निदान सर्वांची तशी समजूत होती.

बर्कली डीबीत एखादे पान बदलताना दुसऱ्याने मध्ये हात घालू नये म्हणून त्यावर कुलूप लावले जाते. एका वेळी जास्तीत जास्त किती कुलपे लागतील, हे वापरणाऱ्याने आधीच सांगायचे असते. जुन्या बिटकॉइनमध्ये तो आकडा १०,००० होता. व्यवहारांचा एक ब्लॉक नोंदवताना जेवढी पाने बदलतील तेवढी कुलपे लागतात. मोठ्या ब्लॉकला ती कमी पडू शकतात, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. चाचणीच्या जाळ्यावर कमाल आकाराचे ब्लॉक निर्वेध पार पडले होते, म्हणून सारे निश्चिंत होते. पण कुलपांची संख्या ब्लॉकच्या आकारावर ठरत नाही; किती वेगवेगळ्या पानांना स्पर्श होतो त्यावर ठरते. त्यातच, ब्लॉकचा आकार वाढवावा असे खाणकऱ्यांना घटनेच्या आदल्या आठवड्यातच सुचवले गेले होते.

११ मार्च २०१३ च्या रात्री क्रमांक २,२५,४३० चा ब्लॉक तयार झाला. त्यातील व्यवहारांना लागणाऱ्या जुन्या नोंदींची संख्या तोवरच्या कोणत्याही ब्लॉकपेक्षा अधिक होती. ०.८ वापरणाऱ्यांनी तो स्वीकारला. जुन्या आवृत्त्यांपैकी अनेकांची कुलपे संपली, आणि त्यांनी या अपयशाचा अर्थ ‘ब्लॉक अवैध’ असा लावून तो नाकारला. येथून पुढे दोन इतिहास सुरू झाले. एका बाजूचे संगणक एक साखळी लांबवू लागले, दुसऱ्या बाजूचे दुसरी. दोघांनाही आपलीच खरी वाटत होती.

कोणती साखळी टिकवायची? गणनशक्तीचा मोठा वाटा, सुमारे ६० टक्के, नव्या बाजूला होता. शिवाय ब्लॉक नियमांनुसार वैधच होता, म्हणजे न्याय पाहिला तर ०.८ ची बाजू बरोबर. तरी निर्णय उलटा झाला. जुन्या आवृत्त्या नवी साखळी स्वीकारूच शकत नव्हत्या. नव्या आवृत्तीला मात्र दोन्ही चालत होत्या. ज्याला दोन्ही चालते त्यानेच माघार घ्यावी, हा मार्ग कमी हानीचा होता. ‘बीटीसी गिल्ड’ आणि ‘स्लश’ या मोठ्या खाण-समूहांनी आपले संगणक ०.७ वर परत नेले आणि आधीच मिळालेल्या ब्लॉकांच्या कमाईवर पाणी सोडले. सुमारे सहा तासांनी जुनी साखळी पुढे गेली आणि दुभंग मिटला. दरम्यान बिटकॉइनचा भाव २३ टक्क्यांनी घसरून ३७ डॉलरपर्यंत आला होता. तेच पैसे दोनदा खर्च करण्याचा एक मोठा प्रयत्न यशस्वीही झाला; करणारा फक्त हे शक्य आहे का ते आजमावत होता, हे नशीब.

नंतरच्या चौकशीत जे उघड झाले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. पानांची मांडणी प्रत्येक संगणकावर थोडी वेगळी असल्यामुळे किती कुलपे लागतील हेही संगणकागणिक बदलत असे. म्हणजे जुन्या आवृत्तीचे सारे संगणकही एकमेकांशी नेहमी सहमत होतील, याची खात्री आधीपासूनच नव्हती. पैशाचे नियम ज्या कोडात लिहिले आहेत असे सर्वांना वाटत होते, त्या कोडाबाहेर, एका डेटाबेसच्या सेटिंगमध्ये, आणखी एक नियम दडलेला होता. तो कोणी केला नव्हता आणि कोणाला माहीतही नव्हता.

तातडीचा उपाय म्हणून ०.८.१ ने १५ मे २०१३ पर्यंत मोठे ब्लॉक रोखून धरले. जुनी आवृत्ती सोडता न येणाऱ्यांना एक छोटी सेटिंग-फाईल लिहून कुलपांची मर्यादा ५,३७,००० पर्यंत वाढवण्याचा सल्ला मिळाला. १६ ऑगस्ट २०१३ रोजी क्रमांक २,५२,४५१ चा ब्लॉक आला, तेव्हा ज्यांनी दोन्हींपैकी काहीच केले नव्हते ते जाळ्यातून बाहेर पडले.

त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, फेसबुकने ‘रॉक्सडीबी’ खुली केली. ध्रुब बोरठाकुर यांच्या पुढाकाराने २०१२ पासून चाललेले हे काम लेव्हलडीबीच्याच पायावर उभे होते. वेगाच्या ओढीने तिच्यात ऑप्शनची संख्या वाढत वाढत शेकड्यांवर गेली, आणि क्रॅशचे स्वरूप बदलले. पूर्वी एक ऑप्शन काल आणि आज वेगळा असल्याने घोटाळा होई. आता एकाच वेळी दिलेले दोन ऑप्शन एकमेकांशी भांडू लागले.

एक उदाहरण पुरेसे आहे. रॉक्सडीबीत नवी नोंद आधी मेमरीतल्या ‘मेमटेबल’मध्ये जाते. नोंदीची जुनी व्हॅल्यू जागच्या जागी खोडून नवी लिहावी, असा एक ऑप्शन आहे. अनेक थ्रेडना मेमटेबलमध्ये एकाच वेळी लिहू द्यावे, असा दुसरा. दोन्ही स्वतंत्रपणे उपयुक्त आहेत. दोन्ही एकत्र चालू ठेवले, तर एक लिहीत असलेली जागा दुसरा त्याच क्षणी खोडू शकतो. म्हणून आज ही जोडी दिली की रॉक्सडीबी डेटाबेस उघडतच नाही आणि कारण स्पष्ट शब्दांत सांगते. सर्वच जोड्या अशा सुदैवी नसतात.

कारण क्रॅश जेथे होतो तेथे चूक क्वचितच असते. मेमटेबलमधून डिस्कवर उतरलेल्या फाईली रॉक्सडीबी पार्श्वभूमीत एकत्र करीत राहते. चुकीच्या क्रमाने लिहिलेली नोंद दिवसेंदिवस निमूट पडून असते. मग एखाद्या रात्री दोन फाईली एकत्र होताना क्रम उलटा दिसतो आणि प्रोग्राम कोसळतो. ज्याने ऑप्शन बदलला तो तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो. कोसळल्याची जागा पाहून फाईली एकत्र करणाऱ्या कोडला दोष दिला जातो, जो बिचारा फक्त तक्रार करणारा साक्षीदार असतो.

म्हणून तपासाची रीत ठरून गेली आहे. प्रथम संपूर्ण फोल्डरची प्रत काढायची आणि मूळ फोल्डरला हात लावायचा नाही, कारण नुसते उघडण्यानेही पार्श्वभूमीतले लेखन सुरू होऊन पुरावा पुसला जातो. मग ‘लॉग’ फाईल. रॉक्सडीबी प्रत्येक वेळी उघडताना आपले सारे ऑप्शन तेथे उतरवते. जुना आणि नवा लॉग समोरासमोर ठेवला की काय बदलले ते दिसते. बदल अनेक असतील तर निम्मे मागे घेऊन पाहायचे, मग उरलेल्यांतले निम्मे. बखरीच्या दोन प्रती ओळीला ओळ लावून पाठभेद शोधणाऱ्या संपादकाचे काम याहून फार निराळे नसते.

पुढे रॉक्सडीबीने वापरात असलेले ऑप्शन डेटाबेसच्याच फोल्डरमध्ये स्वतंत्र फाईल करून ठेवण्यास सुरुवात केली, आणि दिलेले ऑप्शन त्या फाईलशी सुसंगत आहेत का, हे आधी विचारण्याची सोयही केली. बर्कलीत पहिल्या पानावर काही संख्या आणि एका शब्दाचे हॅश एवढेच मावले होते. येथे करारनामा जवळजवळ पुरता नोंदींसोबत राहू लागला. जवळजवळ, कारण कम्पॅरेटरचे किंवा वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या इतर फंक्शनचे आजही नावच तेवढे लिहिता येते.

शेकडो ऑप्शनच्या साऱ्या जोड्या माणसाने तपासणे अशक्य. त्यासाठी रॉक्सडीबीसोबत एक चाचणी चालवली जाते. ती फाशांप्रमाणे ऑप्शन निवडते, डेटाबेस भरते, मध्येच प्रोग्राम मारून टाकते, पुन्हा उघडते आणि काही हरवले का ते पाहते, हेच सतत. ज्या जोड्या एकत्र नांदू शकत नाहीत त्या निवडीतून वगळण्यासाठी या चाचणीत अटींची एक यादी आहे : हे चालू असेल तर ते बंद. यादी कोणत्याही सूत्रातून आलेली नाही. ती अनुभवातून एकेका ओळीने वाढली आहे, आणि नवा ऑप्शन आला की अजूनही वाढते.